जुवावरचा भार : सातारा-सांगलीच्या वाटांवर मोठे फिरते घर निवडताना

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला भाराचा तोल समजण्यासाठी वजनकाट्याची गरज पडत नसे. ओझे आखाच्या मागे अधिक पडले तर गाडी उलाळ होते, म्हणजे तिची धुरा वर उचलली जाऊन जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. ओझे आखाच्या पुढे अधिक पडले तर तेच जू मानेत रुतते आणि चढण लागण्याआधीच बैल धापा टाकू लागतात. भरलेल्या गाडीचा थोडा, पण ठरावीक भार जुवावर राहिलाच पाहिजे, हा हिशेब कृष्णा आणि कोयनेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेला होता. आज मोटारीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घराचा, त्यातही मोठ्या कुटुंबाला पुरेल अशा घराचा, विचार करणाऱ्याने सुरुवात याच हिशेबापासून करावी लागते. पलंग किती, खिडक्या किती आणि स्वयंपाकघर केवढे, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

फिरत्या घरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. ज्यात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते त्याला मोटार कॅरॅव्हॅन म्हणतात. पुण्याजवळ आकुर्डीला मुख्यालय असलेल्या कंपनीच्या फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली अशी घरे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर अधूनमधून दिसतात. दुसऱ्या वर्गातल्या घराला स्वतःचे इंजिन नसते आणि ते दुसऱ्या गाडीने ओढावे लागते. या दुसऱ्या वर्गात पुन्हा एक महत्त्वाचा भेद आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो नेमका टिपला आहे : कायद्याच्या भाषेत ‘ट्रेलर’ म्हणजे मागून ओढले जाणारे वाहन, तर ‘सेमी-ट्रेलर’ म्हणजे ज्याचा काही भाग ओढणाऱ्या मोटारीवर चढलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही वाटा ती मोटार स्वतःच्या अंगावर घेते असे वाहन. अमेरिकेत आणि कॅनडात कुटुंबाच्या सहलींसाठी वापरले जाणारे ‘फिफ्थ व्हील’ हे मोठे घर या व्याख्येनुसार सेमी-ट्रेलरच ठरते.

‘पाचवे चाक’ हे नाव घोडागाड्यांच्या काळातले आहे. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आख वळता यावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत असत, आणि ते निजवून ठेवलेल्या चाकासारखे दिसे म्हणून त्याला पाचवे चाक म्हणू लागले. पुढे मोटारी आल्या, १९१४ मध्ये ऑगस्ट फ्रुहॉफ या डेट्रॉइटच्या लोहाराने फोर्डच्या मोटारीमागे होडी वाहून नेण्यासाठी एक जोडगाडी बांधून दिली, आणि अशा जोडगाड्यांच्या प्रगतीबरोबर ते आडवे कडे जाड पोलादी तबकडीच्या रूपात मालमोटारीच्या पाठीवर आले. आज पुणे-बंगळूर महामार्गावर भुईंज, उंब्रज, कराड किंवा पेठ नाक्याजवळ उभे राहून पाहिले तर नव्या मोटारी किंवा पवनचक्कीची पाती वाहणाऱ्या लांबलचक ट्रेलरमध्ये हीच तबकडी दिसते : पुढच्या, ट्रकचालक ज्याला ‘घोडा’ म्हणतात त्या गाडीच्या पाठीवर मध्यभागी खाच असलेली, ग्रीस फासलेली जाड तबकडी असते आणि मागच्या ट्रेलरच्या पोटाखालून उतरणारी, किंगपिन नावाची, मनगटाएवढी खुंटी त्या खाचेत अडकून तिच्यामागे कुलूप बसते. फिरत्या घराचे फिफ्थ व्हील हीच रचना लहान प्रमाणात वापरते. घराचा पुढचा भाग नाकासारखा उंच उचललेला असतो, तो पिकअप गाडीच्या हौद्यावर येतो, आणि त्या नाकाखालची किंगपिन हौद्यात, मागच्या आखाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या तबकडीत अडकते.

याचा फायदा खरा आहे. सामान्य ट्रेलर गाडीच्या शेपटाला, म्हणजे मागच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडलेला असतो. त्यामुळे आडवा वारा लागला किंवा बाजूने मोठा ट्रक वेगात निघून गेला की तो डोलू लागतो आणि ते डोलणे पुढच्या गाडीचे शेपूट हलवते. फिफ्थ व्हीलचा जोड आखावरच असल्यामुळे मागच्या घराला पुढच्या गाडीचे शेपूट हलवायला तेवढी फटच राहत नाही. चाळकेवाडीच्या किंवा पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उभारण्याइतका वारा वर्षाचे कित्येक महिने वाहतो, तिथे दहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत घेऊन जाणाऱ्याला हा फरक स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवेल.

मात्र हा स्थिरपणा जुवावरच्या भाराने विकत घ्यावा लागतो. शेपटाला जोडलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग ओढणाऱ्या गाडीवर पडतो, तर फिफ्थ व्हीलमध्ये हा वाटा वीस ते पंचवीस टक्के असतो आणि त्याला ‘पिन वेट’, म्हणजे खुंटीवरचा भार, म्हणतात. सहा-सात माणसांना पुरेल असे साधारण नऊ ते दहा मीटर लांबीचे घर सामानासह पाच टनांच्या आसपास जाते, तेव्हा त्याचा खुंटीवरचा भार किमान एक टन धरावा लागतो. अमेरिकेत त्यासाठी फोर्ड किंवा रॅमच्या भल्यामोठ्या पिकअप असतात. भारतात खासगी वापरासाठी मिळणाऱ्या टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या दोन रांगांच्या पिकअपची एकूण वहनक्षमता एका टनापेक्षा बरीच कमी आहे, आणि त्यातही पाच माणसे बसली की उरणारी क्षमता आणखी घटते. म्हणजे इंजिनात ओढण्याची ताकद आहे की नाही हा मुद्दा येण्याआधीच पाठीवर घेण्याची ताकद संपलेली असते. ‘गाडी तगडी आहे, ओढेल’ हा विक्रेत्याकडून हमखास ऐकू येणारा दिलासा या जागी अपुरा आहे, कारण ओढणे आणि पाठीवर घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि चढावर न थांबणारी गाडी उतारावर स्प्रिंगा बसल्यामुळे पुढची चाके हलकी होऊन वळेनाशी होऊ शकते.

मग उरतो तो मार्ग लहान मालमोटारीचा, म्हणजे चार-सहा टन वाहू शकणाऱ्या ट्रकच्या पाठीवर तबकडी बसवण्याचा. तो अशक्य नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. मागच्या घराची नोंदणीही वेगळी करावी लागते आणि वाहनाचे एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या पुढे गेले की हलक्या वाहनाचा परवाना पुरत नाही. त्यामुळे साताऱ्याच्या एमएच ११, कराडच्या एमएच ५० किंवा सांगलीच्या एमएच १० या कार्यालयांपैकी आपल्याला लागू असेल तिथे, खरेदीची आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच, नकाशा घेऊन जाणे आणि कोणत्या वर्गात नोंद होईल हे लेखी घेणे शहाणपणाचे. शिवाय अशा ट्रकच्या केबिनमध्ये दोघे-तिघेच बसतात, आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवणे हा जिवाशी खेळ आहे. म्हणजे आजी-आजोबा आणि मुलांसाठी मागून दुसरी मोटार न्यावी लागणार. मोटार कॅरॅव्हॅनमध्ये पट्ट्यांसह आसने असल्यामुळे हा प्रश्न येत नाही, आणि भारतीय कुटुंबाने तुलना करताना हा मुद्दा पहिल्या ओळीत लिहावा.

यानंतर येतो घाट, आणि साताऱ्यात घाट टाळता येत नाही. पुण्याकडून येताना खंबाटकी, वाईकडून पाचगणीला चढताना पसरणी, मेढ्याकडून महाबळेश्वरला जाताना केळघर, कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली : जिल्ह्यातली सहलीची जवळजवळ प्रत्येक जागा यांपैकी कोणत्या तरी वळणाच्या पलीकडे आहे. लांब जोडगाडी वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने वाट कापत जातात. ही आत सरकण्याची लांबी भूमितीने काढता येते. समजा, पुढच्या गाडीच्या दोन आखांमधले अंतर ३.३ मीटर आहे, किंगपिनपासून घराच्या चाकांपर्यंतचे अंतर साडेसात मीटर आहे आणि गाडी १५ मीटर त्रिज्येच्या केसकाट्यासारख्या वळणावर आहे. तर मागची चाके पुढच्या मार्गापेक्षा सुमारे अडीच मीटर आतून जातात. घराची रुंदी कायद्याने दिलेल्या कमाल मर्यादेएवढी, म्हणजे २.६ मीटर, धरली तर ही एकटी जोडगाडी वळणावर पाच मीटर रस्ता व्यापते, आणि समोरून एसटीची बस आली तर दोघांपैकी एकाला मागे जावे लागते. जोडगाडी मागे घेणे हे सरावलेल्या चालकाचेही काम घाटात सोपे नाही. हेच अंतर साडेसात मीटरऐवजी चार मीटर असेल तर आत सरकणे एक मीटरच्या आत येते, आणि घर सव्वादोन मीटर रुंदीचे असेल तर एकूण सव्वातीन मीटरमध्ये भागते. लांबीच्या या साडेतीन मीटरमध्ये एक जादा झोपण्याची खोली मावते हे खरे आहे. तिची किंमत पसरणीच्या प्रत्येक वळणावर मोजावी लागते हेही तितकेच खरे आहे.

चढणीपेक्षा उतार अधिक काळजीचा. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरच्या आसपास फरक आहे. ओढणारी गाडी आणि घर मिळून नऊ टन वजन तेवढे खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे दीडशे लिटर थंड पाणी उकळायला पुरेल एवढी असते, आणि इंजिनाने गिअरमध्ये अडवून धरलेला भाग वगळता ती सगळी ब्रेकच्या डबड्यांमध्ये उष्णता होऊन साठते. तापलेले ब्रेक पकड सोडतात हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही, पण मागच्या घराला स्वतःचे ब्रेक असले पाहिजेत आणि त्यांची कळ पुढच्या चालकाच्या हाताशी असली पाहिजे, हे मात्र खरेदीच्या वेळी आग्रहाने विचारावे लागते. चांगल्या ट्रेलरमध्ये विजेवर चालणारे ब्रेक प्रत्येक चाकाला असतात, चालकासमोर त्यांचा जोर कमी-जास्त करणारी वेगळी पेटी असते, आणि जोड तुटून घर सुटलेच तर एक बारीक वायर ओढली जाऊन ते ब्रेक आपोआप लागतात. ज्या घरात ही वायर नाही ते घर कितीही देखणे असले तरी घाटात नेण्याच्या लायकीचे नाही.

याच कारणाने, गावच्या वर्कशॉपमध्ये उसाच्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर पत्र्याचे घर बांधून घेण्याचा स्वस्त मार्ग निग्रहाने टाळला पाहिजे. साखराळे, रेठरे बुद्रुक किंवा भुईंजच्या कारखान्याकडे गळीत हंगामात ज्या ट्रॉल्या जातात त्या शेतातल्या ढेकळांतून आणि सपाट रस्त्यावरून ट्रॅक्टरच्या संथ वेगाने माल नेण्यासाठी उत्तम बांधलेल्या असतात, आणि त्या बांधणाऱ्या कारागिरांचे वेल्डिंगमधले कसब वादातीत आहे. परंतु बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि महामार्गाच्या वेगासाठी त्यांची चाके, आख आणि जोडाची पिन योजलेली नसते. त्या कारागिरांकडून घराच्या आतली कपाटे, ओटा, पाण्याच्या टाक्यांचे कोंदण आणि पायऱ्या जरूर करून घ्याव्यात, कारण ते काम ते कोणत्याही परदेशी कारखान्यापेक्षा आपल्या गरजेनुसार करतील. सांगाडा, आख आणि ब्रेक मात्र मान्यताप्राप्त निर्मात्याचेच हवेत.

सांगली जिल्ह्याची गोष्ट भूगोलामुळे वेगळी पडते. पश्चिमेला शिराळा आणि चांदोलीचा डोंगरी पट्टा सोडला तर कृष्णाकाठची पलूस, वाळवा, मिरज ही भूमी सपाट आहे, आणि मिरजेवरून कवठेमहांकाळकडे जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद झाला आहे. तासगावच्या द्राक्षबागा, देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वरचे अभयारण्य, मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर, औदुंबरचा कृष्णाकाठ, पुढे सांगोल्यावरून पंढरपूर : या वाटेवर मोठे घर न अडखळता जाऊ शकते, फक्त अमेरिकी मापाच्या घराची चार मीटरपर्यंत जाणारी उंची गावातल्या विजेच्या तारांशी आणि जुन्या रस्त्यांवरच्या वडांच्या फांद्यांशी आधी ताडून पाहावी. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार शेतात पाहुणे ठेवणाऱ्या कुटुंबांसाठी मोठे घर-ट्रेलर एका जागी उभे करून वापरणे, आणि वर्षातून दोनदाच हलवणे, हा त्याचा सर्वांत समंजस उपयोग दिसतो. रोज हलणारे घर लहान असावे आणि मोठे घर क्वचित हलावे, एवढे जरी ग्राहकाने मनाशी पक्के केले तरी निम्मी निवड पार पडते.

आतली रचना निवडताना परदेशी आराखडा जसाच्या तसा घेण्यात एक धोका आहे, जो चित्रात दिसत नाही आणि रस्त्याकडेला उभे राहिल्यावर एकदम कळतो. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथल्या ट्रेलरचे दार उजव्या कुशीत असते. भारतात डावीकडे थांबलेल्या त्याच ट्रेलरचे दार वाहत्या रहदारीत उघडते, आणि धावत बाहेर पडणारे मूल थेट रस्त्यावर येते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात, म्हणून तिथल्या घरांची दारे डावीकडे असतात, आणि आराखडा उचलायचाच तर तिकडचा उचलावा. वीजही तशीच : अमेरिकी घरातली उपकरणे १२० व्होल्टची असतात, आपली वीज २३० व्होल्टची.

फिफ्थ व्हीलमध्ये मुख्य झोपण्याची खोली बहुधा उंच नाकात असते आणि तिथे जायला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. छत तिथे ठेंगणे असते. गुडघे दुखणाऱ्या आजीला ही खोली देणे म्हणजे रात्री दोनदा उठण्याची शिक्षा देणे होय, म्हणून ज्येष्ठांची जागा खालच्या मजल्यावर, शौचालयाला लागून असावी. घर थांबल्यावर भिंतीबाहेर सरकणारे कप्पे, ज्यांना स्लाइड-आउट म्हणतात, ते आतली जागा एकदम वाढवतात, पण ते बंद असताना शौचालयापर्यंत आणि ओट्यापर्यंत पोहोचता येते का, हे घर पाहायला गेल्यावर स्वतः आत चालून तपासले पाहिजे. प्रवासात मध्येच थांबल्यावर कप्पे उघडायला जागा नसते आणि गरज तर तेव्हाच असते. या कप्प्यांच्या कडेला रबरी पट्ट्या असतात. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात त्या पट्ट्यांतून पाणी झिरपते, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावच्या कोरड्या वाऱ्यात त्यांतून धूळ येते. एकाच जिल्ह्यात या दोन्ही टोकांची परीक्षा होते. पलंगांच्या बाबतीतही मराठी घरांच्या सवयीचा विचार व्हावा. भिंतीला बसवलेले चार पलंग जागा अडवून ठेवतात, तर दिवसा मोकळा राहणारा आणि रात्री गाद्या अंथरून सहा जणांना पुरणारा मधला चौक पाहुणा वाढला तरी अपुरा पडत नाही.

वजनाचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय विक्रेत्याला होकार देऊ नये. पत्रकात छापलेले वजन रिकाम्या घराचे असते. त्यात सहा माणसांसाठी दोनशे लिटर पाणी भरले की दोनशे किलो वाढले. एक भरलेले घरगुती गॅस सिलिंडर १४.२ किलो वायू आणि जवळजवळ तितकेच वजन पोलादाचे. मग गाद्या, पांघरुणे, कुकर, परात, पीठ, तांदूळ, डाळी, मुलांच्या सायकली, बॅटऱ्या, छत्र्या आणि सतरंज्या. हा सगळा भार पाचशे-सहाशे किलोंवर सहज जातो. तो मागच्या कपाटांत कोंबला तर घर उलाळ होते, जुवावरचा भार घटतो आणि घर डोलू लागते; सगळा नाकाच्या पेटीत भरला तर पुढच्या गाडीची पाठ बसते. म्हणून जड वस्तू आखाच्या थोड्या पुढे, खाली, आणि दोन्ही कुशींना समान ठेवाव्यात, आणि पहिल्या सहलीआधी एकदा भरलेले घर जवळच्या वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा भार वेगवेगळा तोलावा. कारखान्यांच्या आणि बाजार समित्यांच्या या मुलखात भुईकाटा शोधायला लांब जावे लागत नाही.

घर निवडण्याआधी मुक्कामाची जागा निवडावी, हे या भागाला नवे नाही. संत ज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. तिच्याबरोबरच्या दिंड्यांचे सामान, राहुट्या आणि भांडीकुंडी घेऊन ट्रक पुढे निघतात, आणि वारकरी पोहोचेपर्यंत तळावर राहुट्या उभ्या राहून चुली पेटलेल्या असतात. वाहनाच्या आधाराने हजारो कुटुंबांनी एकत्र मुक्काम करण्याची इतकी जुनी आणि पक्की पद्धत क्वचितच सापडेल, आणि तिचा पाया तळ ठरलेला असणे हाच आहे : पाणी कुठून येणार, गाड्या कुठे लागणार, कोणत्या दिंडीची राहुटी कुठे, हे आधी माहीत असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा त्यातही वाहनाबरोबर ‘कॅरॅव्हॅन पार्क’, म्हणजे रस्ता, पाणी आणि विजेची सोय असलेल्या तळाचा स्वतंत्र विचार केला. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशात समाविष्ट असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. अशा जागी मनाला येईल तिथे घर उभे करता येत नाही आणि करूही नये. कासच्या कातळावरच्या मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर असतो, त्यावरून पाच टनांच्या घराचे चाक एकदा गेले तरी तिथली फुले कित्येक वर्षे परत येत नाहीत.

फिरत्या घरात पाण्याच्या तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, आणि शौचालयाच्या मैल्याची. शेवटच्या दोन टाक्या कुठे रिकाम्या करायच्या याचे उत्तर सहलीआधी हातात नसेल तर ते घर विकत घेऊ नये, इतके हे स्पष्ट आहे. वेण्णा तलावाचे पाणी महाबळेश्वर आणि पाचगणी पितात. कोयना आणि कृष्णा कराडला प्रीतिसंगमावर एकत्र येऊन पुढे सांगलीच्या नळांना पोहोचतात. डोंगरातल्या ओढ्यात उघडलेली झडप शेवटी कोणाच्या तरी हंड्यात उघडते. टाकी निवडताना म्हणूनच मैल्याची टाकी निदान चार दिवसांची असावी आणि ती नगरपालिकेच्या मैला शुद्धीकरण केंद्रावर किंवा सोय असलेल्या तळावरच रिकामी व्हावी.

मोठ्या घराची ओढ कुटुंबांना का वाटते, याचे सर्वांत मोठे कारणही हे शौचालयच आहे. भारतात प्रवासाला निघालेल्या स्त्रिया पाणी कमी पितात, कारण वाटेत स्वच्छ आणि सुरक्षित जागा मिळेल याची खात्री नसते. वृद्धांना आणि मधुमेह असलेल्यांना तर यात्रेचा बेतच रद्द करावा लागतो. आपल्या मालकीचे, आतून कडी लागणारे, पाणी असलेले शौचालय बरोबर असणे ही चैन नव्हे. हेच सत्य दुसऱ्या एका दृश्यात अधिक कठोरपणे दिसते. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे याच महामार्गांवरून ट्रॉल्यांत आणि ट्रकांत आपला सगळा संसार भरून सातारा-सांगलीत येतात, आणि कारखान्याच्या तळावर किंवा शेताच्या कडेला कोप्या घालून पुढचे चार-पाच महिने राहतात. त्यांनाही चाकावरचा संसार आहे, पण त्यात टाकी नाही, कडी नाही आणि अनेक ठिकाणी पाण्याचा नळही नाही. पहाटे अंधार असतानाच बायकांना आडोसा शोधावा लागतो. कॅरॅव्हॅनसाठी तळ उभारणाऱ्या गावांनी, सहकारी संस्थांनी आणि कारखान्यांनी पाणी, शौचालय आणि मैला स्वीकारण्याची हीच सोय हंगामात या कुटुंबांच्या तळांवरही उभी केली पाहिजे. त्यासाठी लागणारे पाइप, टाक्या आणि गवंडी दोन्हीकडे तेच आहेत.

या सगळ्या विचारातून सातारा-सांगलीच्या सहा-सात माणसांच्या कुटुंबासाठी काही मापे हाती येतात. जे कुटुंब दर सुट्टीला नव्या ठिकाणी, मुख्यतः पश्चिमेकडच्या डोंगरात जाते, त्याने फिफ्थ व्हीलचा मोह सोडून मोटार कॅरॅव्हॅन किंवा साडेपाच-सहा मीटरचा, दोन आखांचा, दोन टनांच्या आतला ट्रेलर घ्यावा, आणि वाढीव माणसांसाठी बाजूला एक भक्कम तंबू लावावा. मुलांना तंबूतच झोपायचे असते. जे कुटुंब वर्षातून एक-दोन लांब प्रवास सपाट, रुंद मार्गांनी करते आणि एका जागी आठ-दहा दिवस राहते, त्याला मोठे फिफ्थ व्हील शोभते, पण ते ओढायला योग्य वजनाचा नोंदणीकृत घोडा आणि जोडगाडी चालवण्याचा सराव असलेला चालक आधी हवा. भाड्याने घेऊन पाहण्याची संधी मिळाली तर ती दवडू नये, आणि ती मिळाली नाही तर त्याच लांबीचा मालट्रक भाड्याने घेऊन, ज्या घाटातून घर न्यायचे आहे त्या घाटातून, रविवारच्या गर्दीच्या वेळी, एकदा वर जाऊन खाली यावे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या काहींना मागे दिवा नसतो, म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात कृष्णाकाठच्या रस्त्यांवर मोठे घर दिवसाच न्यावे.

मुक्काम हलवताना करायची एक कृती चालकाने हात बसेपर्यंत, आणि त्यानंतरही, कधी सोडू नये. घर पुढच्या पायांवर उभे असते, चाकांना ठोकळे लावलेले असतात. पुढची गाडी सावकाश मागे घेऊन तबकडी किंगपिनखाली सरकवतात, कुलूप खट्कन बसल्याचा आवाज येतो. तो आवाज पुरेसा नसतो. गाडीतून उतरून, टॉर्च घेऊन, तबकडी आणि घराचा तळ यांच्यामध्ये प्रकाश दिसत नाही ना आणि कुलपाचा दांडा पूर्ण आत गेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. मग ब्रेकची वायर अडकवून, घराचे ब्रेक हाताने दाबून धरून, पाय अजून जमिनीवर असतानाच गाडी हातभर पुढे ओढून पाहावी. जोड कच्चा असेल तर घर आपल्या पायांवरच उभे राहते. गाडीवान जुंपणी झाल्यावर, शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, ठीक बसल्या का हे पाहायला, निघण्याआधी जू एकदा दोन्ही हातांनी हलवून पाहत असे.